वीतभर काड्यांचा आकाशकंदील : दसऱ्यापासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंतच्या प्रकल्प नोंदी

कामट्या (बांबूच्या चिरलेल्या पट्ट्या) आणि पतंगाचा कागद वापरून घरच्या घरी, मुलांना आणि वडीलधाऱ्यांना बरोबर घेऊन आकाशकंदील करू इच्छिणाऱ्यांसाठी या नोंदी ठेवल्या आहेत. आम्ही पुण्यात राहतो. घरात सासरे (नाना), सासूबाई, यजमान, सातवीतला मुलगा, दुसरीतली मुलगी आणि मी अशी सहा माणसे आहोत. नाना तरुणपणी गिरगावातील चाळीत दर वर्षी कंदील बांधत असत. आता त्यांचे हात थरथरतात, त्यामुळे माहिती त्यांची आणि हात आमचे अशी विभागणी करावी लागली. कागद आणि रंग यांविषयी लिहिलेले पुष्कळ सापडते, परंतु सांगाड्याविषयी फारच थोडे सापडते, आणि कंदील बिघडतो तो सांगाड्यातच. म्हणून त्याविषयी येथे अधिक लिहिले आहे.

शनिवार, १२ ऑक्टोबर २०२४ (विजयादशमी)

सकाळी हत्यारांच्या पूजेत कोयता, चाकू, कात्री आणि पकड मांडली होती. दुपारी नानांनी पाटीवर आकृती काढून दाखवली. हा कंदील म्हणजे सहा चौरस आणि आठ त्रिकोण. चार चौरस टोकावर उभे करून त्यांची डावी-उजवी टोके एकमेकांना बांधायची, म्हणजे मध्ये कंबर तयार होते. वर राहिलेल्या चार टोकांवर पाचवा चौरस आडवा बसतो आणि खालच्या चार टोकांवर सहावा. मधल्या रिकाम्या जागांत वर चार आणि खाली चार त्रिकोण आपोआप तयार होतात. सर्व काड्या एकाच लांबीच्या असतात आणि एकूण चोवीस लागतात.

माप ठरवताना नानांनी हात पसरून एक वीत दाखवली. जुन्या मापाप्रमाणे दोन वितींचा एक हात होतो, म्हणजे वीत साधारण नऊ इंचांची. नऊ इंचांची काडी धरली तर सांगाड्याची उंची पावणेतेरा इंच होते आणि कंबरेची समोरासमोरची टोके अठरा इंचांवर येतात. आमच्या गॅलरीच्या कठड्यापासून छतापर्यंतच्या जागेत झिरमिळ्यांसह एवढाच कंदील मोकळा लटकू शकतो, हे आधी मोजून घेतले. ज्यांची गॅलरी अरुंद आहे त्यांनी काडी सात इंचांची घ्यावी. काम तेवढेच राहते, मात्र आतील दिव्याला जागा कमी उरते.

रविवार, १३ ऑक्टोबर

बुरूड आळीत जाऊन कामट्या आणल्या. बांबू अख्खा आणावा की चिरलेला, यावर घरात चर्चा झाली होती आणि चिरलेल्या कामट्या घेण्याचा निर्णय योग्य ठरला. बांबू सरळ चिरणे हे कसबाचे काम आहे. चिरत जाताना फाक एका बाजूला सरकली की पट्टी टोकाकडे निमुळती होत जाते आणि तिचा उपयोग राहत नाही. जात कोणती हेही पाहावे लागते. कोकणातील माणगा जवळजवळ भरीव असतो, काठ्यांना आणि मांडवाला उत्तम, परंतु कंदिलाच्या बारीक कामट्यांसाठी पोकळ आणि दूर दूर पेरे असलेला बांबूच सोयीचा पडतो. दोन पेरांमध्ये किमान दहा इंचांचे अंतर असेल अशाच कामट्या निवडल्या. पेर काडीच्या मध्यावर आले तर तेथे जाडी राहते आणि कागद उचलला जातो, टोकाशी आले तर खाच पाडताना काडी फुटते.

कामट्यांना एकशे चाळीस रुपये पडले. तेथूनच रविवार पेठेतील बोहरी आळीत गेलो. दिवाळीपूर्वीच्या रविवारी तेथे पाय ठेवायला जागा नसते, त्यामुळे लहान मुलीला नेले नाही. पतंगाच्या कागदाचे वीस बाय तीस इंची ताव घेतले: पांढरे दोन, राणी रंगाचे दोन, केशरी एक. वस्तुतः प्रत्येक रंगाचा एक ताव पुरतो, परंतु हा कागद हाताळताना फाटतो, म्हणून जास्तीचा ताव पहिल्याच फेरीत घ्यावा.

थर्माकोलचे मखर आणि सजावट यांवर महाराष्ट्रात २०१८ मध्ये बंदी आली, तेव्हापासून कागदी कंदील बाजारात पुन्हा दिसू लागले आहेत. त्यांतले काही सुंदर असतात. तरीही जो कंदील घरात बांधला जातो तो पुढच्या वर्षी दुरुस्त करता येतो, कारण कोणती गाठ कुठे आहे हे घरातील माणसांना माहीत असते.

सोमवार, १४ ऑक्टोबर

संध्याकाळी कामट्या तासल्या. काडीची जाडी साधारण पाव इंचापेक्षा थोडी कमी ठेवली. बाहेरची हिरवी साल तशीच ठेवावी, कारण बळ त्या सालीतच असते. आतला पांढरा, मऊ भाग तासून टाकावा. आम्ही पहिल्या काही काड्या दोन्ही बाजूंनी तासल्या आणि त्या वाकवताच मोडल्या.

तासणे मोठ्यांनीच करावे. मुलांना पॉलिश पेपर दिला आणि काड्यांच्या कडा घासायला बसवले. त्यापूर्वीच मुलीच्या बोटात कूस गेली होती, म्हणून जुने हातमोजे कापून दोघांना घातले. घासण्याचे काम मुलांना कंटाळवाणे वाटेल असे मला वाटले होते, पण आजोबांनी तपासून काडी ‘पास’ करायची, असे ठरल्यावर दोघेही जेवणाची वेळ होईपर्यंत उठले नाहीत. नाना डोळे मिटून काडीवरून अंगठा फिरवत आणि जेथे अडखळे तेथे खूण करून परत देत.

बुधवार, १६ ऑक्टोबर (कोजागरी)

दूध आटत असताना सहा चौरस बांधले आणि हे काम पूर्णपणे पुन्हा करावे लागले. कारण तपशिलाने लिहिते.

काड्या कापताना मुलाने नानांप्रमाणे वितीने माप घेतले होते. नानांची वीत नऊ इंचांची, मुलाची आठ इंचांपेक्षाही कमी. माझ्या लक्षात आले तेव्हा मी त्या काड्या बाजूला काढून उरलेल्या पट्टीने मोजून कापल्या, परंतु टोकापासून टोकापर्यंत मोजल्या. गाठ मात्र टोकावर बसत नाही, ती खाचेत बसते आणि खाच कोणी टोकाजवळ पाडली, कोणी आत पाडली. त्यामुळे काड्या सारख्या असूनही चौरस लहानमोठे झाले. एका चौरसात एवढासा फरक दिसत नाही, परंतु सहा एकत्र आणताना तो साठत जातो आणि शेवटचे टोक शेजाऱ्यापर्यंत पोहोचतच नाही.

उपाय असा केला: एक काडी ‘माप-काडी’ म्हणून ठरवली, साडेनऊ इंच लांब, दोन्ही टोकांपासून पाव पाव इंचावर खाच, म्हणजे खाचेपासून खाचेपर्यंत बरोबर नऊ इंच. तिला लाल दोरा बांधून ठेवला. नंतरची प्रत्येक काडी तिच्या शेजारी लावून, पेन्सिलीने खुणा करून, मगच खाच पाडली. ही काडी पट्टीपेक्षा अधिक उपयोगी पडली, कारण पट्टी प्रत्येकाला नीट धरता येत नाही, परंतु दोन काड्या शेजारी ठेवून समान आहेत की नाही हे दुसरीतील मूलही सांगू शकते.

आटीव दुधाचा पहिला पेला चंद्राला दाखवला तेव्हा मी जमिनीवर बसून गाठी सोडवत होते. कापलेल्या गाठींचा दोरा वाया गेला तो वेगळाच. गाठीसाठी पतंगाचा साधा सुती दोरा वापरला, मांजा नव्हे. मांजा बोटे कापतो.

शुक्रवार, १८ ऑक्टोबर

सहामाही परीक्षा सुरू आहे, त्यामुळे मुलाला अभ्यासाला बसवून मी आणि यजमान यांनीच जोडणी करून पाहिली. दोघांत ती जमली नाही. टोकावर उभे केलेले चार चौरस एकाच वेळी उभे धरावे लागतात. एक टोक बांधेपर्यंत समोरचे कोसळते. भिंतीला टेकवून, डब्यांच्या आधाराने, खुर्चीच्या पायांना बांधून असे सर्व प्रकार केले. शेवटी नानांनी आवाज दिला, “अगं, ते दोघांचं काम नाही. चाळीत आम्ही चौघं गोल बसायचो, प्रत्येकाच्या मांडीवर एक चौरस.”

मग सासूबाई भाजणीचे धान्य निवडणे बाजूला ठेवून आल्या, मुलाला अर्धा तास सुट्टी दिली आणि चौघे गोल बसलो. प्रत्येकाने आपापला चौरस टोकावर उभा धरला, शेजाऱ्याच्या टोकाला आपले टोक लावले आणि गाठी मारण्याचे काम मुलीकडे दिले, कारण तिचे हात मोकळे होते आणि बोटे बारीक होती. ती गोलाच्या आत बसून एकेका कोपऱ्याकडे वळत गेली. कंबर बांधून झाली. त्यानंतर वरचा आणि खालचा चौरस बसवणे सोपे गेले. ज्यांच्या घरी चार माणसे नाहीत त्यांनी शेजाऱ्यांना बोलवावे. या टप्प्याला दुसरा सोपा मार्ग मला सापडलेला नाही.

शनिवार, १९ ऑक्टोबर

सकाळी पाहिले तर सांगाडा वाकडा होऊन अर्ध्या उंचीवर आला होता. हात लावून सरळ करावा आणि सोडताच तो पुन्हा पिळल्यासारखा फिरून खाली बसे. गाठी ढिल्या आहेत असे समजून सर्व गाठी पुन्हा घट्ट केल्या, त्यांवर दोऱ्याचे अधिक वेढे दिले. काहीही फरक पडला नाही. हा संपूर्ण शनिवार यातच गेला.

दोष गाठींचा नव्हता. त्रिकोणाच्या तीन काड्या एकदा बांधल्या की तो हलत नाही. चौरसाच्या चार काड्या कितीही घट्ट बांधल्या तरी तो तिरका होऊ शकतो. आमच्या सांगाड्यात आठ त्रिकोण ठाम होते, पण सहाही चौरस मोकळे होते, आणि ते सगळे एकदम तिरके झाले की सबंध कंदील फिरत खाली बसतो. नानांना हे माहीत होते, परंतु ते या टप्प्याला ‘ताण देणे’ म्हणत आणि तो शब्द मी गाठी ताणण्याविषयी आहे असा समजले होते.

रविवार, २० ऑक्टोबर

ताण दिले. बाजूच्या चारही चौरसांत कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोऱ्याची फुली बांधली. फुलीचे दोन्ही दोरे सारख्या लांबीचे असावे लागतात, नऊ इंचांच्या चौरसाला पावणेतेरा इंच. ते सारखे असले की चौरस काटकोनात आहे याची खात्री होते. एकच दोरा बांधून चालत नाही, कारण दोरा ओढ सहन करतो, दाब सहन करत नाही. वरच्या आणि खालच्या चौरसांना कागद लागणार नसल्यामुळे तेथे दोऱ्याऐवजी एकेक तिरकी काडी बांधली. काडी ओढ आणि दाब दोन्ही सहन करते, म्हणून ती एकच पुरते. सहावा चौरस बांधला जाताच सांगाडा ठाम झाला. मुलाने त्यावर मराठीचे पाठ्यपुस्तक ठेवून पाहिले. सांगाडा हलला नाही.

दोरा पांढराच घ्यावा. कागदावर त्याची पुसट फुली उमटते, ती पांढऱ्या दोऱ्याने फारशी खुपत नाही.

मंगळवार, २२ ऑक्टोबर

परतीच्या पावसामुळे हवा दमट होती, दुपारी ऊन कडक पडले आणि कामट्या आक्रसल्या. काही गाठी खरोखरच सैल झाल्या. कामट्या आणल्या तेव्हा त्या पुरत्या वाळलेल्या नव्हत्या, हे या गडबडीमागचे कारण. आणल्यापासून आठवडाभर सावलीत पसरून ठेवल्या असत्या आणि मग बांधल्या असत्या तर हे टळले असते. आता सैल गाठी बदलल्या आणि प्रत्येक गाठीवर फेव्हिकॉलचा थेंब लावून रात्रभर सुकू दिला. फेव्हिकॉल सगळ्यात शेवटी लावावा. आधी लावला तर चूक सुधारताना काडी तासून काढावी लागते.

गुरुवार, २४ ऑक्टोबर

खळ केली. एक वाटी मैदा एक वाटी गार पाण्यात गुठळी न राहता कालवला, चार वाट्या पाणी उकळले, त्यात तो ओतून मंद आचेवर ढवळत राहिले आणि खळ पारदर्शक दिसू लागल्यावर उतरवली. पूर्वी खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालत असत. मोरचूद विषारी असतो आणि आमच्याकडे खळ लावणारे हात लहान मुलीचे होते, म्हणून तो घातला नाही. चिमूटभर तुरटीची पूड घातली. तुरटीने खळ थोडी अधिक टिकते, परंतु ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात दोन दिवसांनंतर तिला वास येतोच. त्यामुळे एकदम पातेलेभर करू नये, रोज वाटीभर करावी. आमची पहिली खळ बरीचशी टाकून द्यावी लागली.

प्रयोग म्हणून एका त्रिकोणाला कागद लावून सांगाडा माळ्यावर ठेवला होता. सकाळी त्याच्या कडा झुरळांनी खाल्लेल्या आढळल्या. मैद्याची खळ त्यांना आवडते. त्यानंतर सांगाडा कपडे वाळत घालण्याच्या दोरीला, भिंतीपासून दूर टांगून ठेवला आणि पुन्हा तसे झाले नाही.

शनिवार, २६ ऑक्टोबर

परीक्षा संपली आणि कागदाचे काम सुरू झाले. कागद कापण्याचा हिशेब पुढीलप्रमाणे. चौरसाला चारही बाजूंनी अर्धा इंच दुमड सोडली तर दहा इंची तुकडा लागतो. वीस बाय तीसच्या तावात असे सहा तुकडे बरोबर बसतात आणि आपल्याला चारच लागतात, कारण वरचा आणि खालचा चौरस हवेसाठी उघडा ठेवायचा असतो. त्रिकोणाला दुमड धरून बाजू पावणेअकरा इंच होते. तावाच्या लांबीत एक सुलटा, एक उलटा असे चार त्रिकोण बसतात आणि अशा दोन ओळी केल्या की आठही त्रिकोण एकाच तावातून निघतात. मी आधी त्रिकोण सुटे सुटे आखले आणि दोन ताव वापरून बसले.

चिकटवताना खळ कागदाला लावू नये, काडीला लावावी. हा कागद ओला झाला की लगेच सैल पडतो आणि उचलतानाच फाटतो. काडीला पातळ थर लावून, कागद वरून अलगद ठेवून, दुमड आतल्या बाजूस वळवायची. आत हात घालण्यासाठी वरच्या चौरसाची मोकळी जागा असते आणि तेथून मुलीचा हात सहज जातो, माझा अडकतो. आधी पांढरे चौरस लावावेत आणि मग रंगीत त्रिकोण. उलट क्रमाने केल्यास रंगीत दुमड पांढऱ्या कागदाखालून गडद पट्टीसारखी दिसते. आमच्या एका चौरसाला ती आहे.

पहिल्या बाजूंना चुण्या पडल्या. खळ जास्त झाली होती. पांढऱ्या चौरसांवर सुकल्यानंतर पाण्याचा अगदी हलका फवारा मारला, पंख्याखाली ठेवले, तेव्हा कागद वाळताना ताणला गेला आणि चुण्या बऱ्याच प्रमाणात गेल्या. याने उत्साह येऊन तोच फवारा राणी रंगाच्या त्रिकोणांवर मारला आणि रंग सुटून शेजारच्या पांढऱ्या चौरसावर गुलाबी ओघळ आले. पतंगाच्या रंगीत कागदाचा रंग पक्का नसतो. तो चौरस आणि दोन त्रिकोण काढून नवे लावले, जास्तीचा ताव येथे कामी आला. फवारा मारायचाच असेल तर रंगीत कागद लावण्यापूर्वी मारावा, आणि तोही पांढऱ्यावरच. रंगीत कागदाच्या चुण्या टाळण्याचा मार्ग एकच, तो म्हणजे खळ बेताची लावणे.

रविवार, २७ ऑक्टोबर

झिरमिळ्या केल्या. केशरी आणि राणी रंगाच्या उरलेल्या कागदाच्या एक इंच रुंद पट्ट्या, अठरा इंच लांब. खालच्या चौरसाचा घेर छत्तीस इंच, त्यामुळे छत्तीस पट्ट्या लागल्या. एकेरी कागदाच्या पट्ट्या पंख्याच्या वाऱ्यातच एकमेकींत गुंतल्या आणि दोन फाटल्या. सासूबाईंनी त्या काढायला लावून पट्ट्या दुहेरी केल्या, खालच्या टोकाला थेंबभर खळ लावून दुमडल्या. टोकाला वजन आल्यामुळे त्या सरळ पडू लागल्या. कंबरेच्या चार कोपऱ्यांना लहान गोंडे लावले. कागदी नक्षी कापून चौरसांवर चिकटवण्याचा विचार होता. पांढऱ्या कागदातून दिवा दिसणे मला अधिक आवडले म्हणून ती सोडली. मुलाला ते पटलेले नाही.

याच दिवशी स्वयंपाकघरात चकल्या तळल्या जात होत्या आणि कंदील त्या दारात टांगलेला होता. संध्याकाळी दोन चौरसांवर तेलाचे पारदर्शक ठिपके दिसले. ते निघत नाहीत. फराळाचे तळण आणि कागदाचे काम यांसाठी वेगळ्या खोल्या ठेवाव्यात, किंवा किमान दार लावून घ्यावे.

सोमवार, २८ ऑक्टोबर (वसुबारस)

आज कंदील लागायला हवा होता आणि लागला, मात्र दिव्याच्या दोन अडचणी सोडवूनच.

पहिली अडचण उजेडाची. घरात नेहमीचा नऊ वॅटचा पांढरा एलईडी दिवा होता, तो लावला. या दिव्याचा मागचा अर्धा भाग बंद असतो, उजेड पुढच्या बाजूलाच पडतो. धारक (होल्डर) वर आणि दिवा खाली तोंड करून टांगल्यामुळे झिरमिळ्या झगझगीत दिसू लागल्या आणि वरचे चारही त्रिकोण अंधारात राहिले. शिवाय थंड पांढऱ्या उजेडात राणी रंग निळसर, मळका दिसत होता. यजमानांनी चौकातील दुकानातून दुधी काचेचा, फिलामेंट प्रकारचा चार वॅटचा एलईडी आणला, पिवळसर उजेडाचा. तो सर्व बाजूंना सारखा उजेड देतो. पारदर्शक काचेचा घेऊ नये, त्यातील तारा कागदातून डोळ्यांना टोचतात. जुना साठ वॅटचा पिवळा दिवा मुळीच लावू नये. तो इतका तापतो की पतंगाचा कागद जवळ आल्यास करपतो. नाना पूर्वी असाच दिवा लावत, पण तो कंदील याच्यापेक्षा बराच मोठा असे आणि त्यावर लक्ष ठेवायला चाळीची सबंध गॅलरी जागी असे.

दुसरी अडचण वजनाची. धारक आणि दिवा वरच्या तिरक्या काडीला टांगला तेव्हा ती काडी वाकली आणि वरचा चौरस आत ओढला गेला. आता कंदील वरच्या चारही कोपऱ्यांना बांधलेल्या चार दोऱ्यांवर टांगला आहे, आणि धारक त्याच आकड्याला वेगळ्या दोरीने बांधून कंदिलाच्या मध्यावर सोडला आहे. कंदिलावर दिव्याचे वजन नाही आणि वायरवरही ओढ नाही. तिरक्या काडीला दोरी चाटत होती, म्हणून ती काडी थोडी बाजूला सरकवली.

सायंकाळी वसुबारसेची पूजा झाल्यावर नानांनी बटण दाबले. नानांनी कंदिलाखाली उभे राहून एकेक कोपरा पाहिला आणि विचारले की कंबरेची ही गाठ कोणी मारली. धाकटीने हात वर केला. नाना म्हणाले, “ही सुटणार नाही.”

शुक्रवार, १ नोव्हेंबर (लक्ष्मीपूजन)

काल रात्री फटाक्यांची एक ठिणगी गॅलरीत येऊन पडली. कंदिलाला काही झाले नाही, परंतु रात्री झोपण्यापूर्वी तो आत घेण्याचा नियम केला. दोऱ्या कायमच्या न बांधता आकड्यात अडकवल्या असल्यामुळे काढणे-लावणे क्षणाचे काम आहे. कंदिलाखाली पणत्या ठेवत नाही; पणत्यांची रांग कठड्याच्या दुसऱ्या टोकाला लावली. खालच्या अंगणात मुलांनी केलेल्या किल्ल्यावरून वर पाहिले की आमचा कंदील दिसतो, असे मुलाने सांगितले, तेव्हा त्याची नक्षीची तक्रार मिटलेली दिसली.

रविवार, ३ नोव्हेंबर (भाऊबीज)

नणंदेच्या मुलांनी पुढच्या वर्षी करण्यासाठी हिशेब मागितला, तो येथे देते. कामट्या १४० रुपये, कागद ५० रुपये, दोरा ३० रुपये, मैदा आणि तुरटी घरातील, पॉलिश पेपर २० रुपये, फिलामेंट एलईडी १६० रुपये, धारक आणि वायर १२० रुपये. एकूण ५२० रुपये. यातील दिवा, धारक आणि वायर पुढील वर्षांसाठी राहतात. कामट्याही दुप्पट आल्या होत्या, त्यामुळे दुसऱ्या कंदिलाचे सामान शिल्लक आहे. बाजारात याहून कमी किमतीत कंदील मिळतो, त्यामुळे पैसे वाचवण्यासाठी हे काम कोणी हाती घेऊ नये.

वेळेचा हिशेब पैशांपेक्षा महत्त्वाचा. सर्वाधिक वेळ मापाच्या काडीविना केलेले चौरस सोडवण्यात आणि ताण न देता सांगाडा सरळ करण्याच्या खटपटीत गेला. त्या दोन गोष्टी आधी माहीत असत्या तर दोन शनिवार-रविवारांत सर्व काम सावकाश पूर्ण झाले असते. कागदाचे काम त्या मानाने झटपट होते. मुलांची परीक्षा मध्ये येत असल्यामुळे सांगाडा घटस्थापनेच्या सुमारास आणि कागद परीक्षेनंतर, अशी वाटणी आमच्या घराला सोयीची पडेल.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर (त्रिपुरी पौर्णिमा)

कंदील उतरवला. हवा कोरडी झाली तसा पांढरा कागद अधिकच ताणला गेला आणि गेल्या आठवड्यात एका कोपऱ्यापासून फाटला. तेथे ठिगळ लावले होते. झिरमिळ्यांचा रंग उन्हाने उडाला, राणी रंग सर्वांत आधी.

कागद ठेवू नये. त्यावरील खळीमुळे झुरळे आणि कसर येतात. ओल्या फडक्याने काड्या ओलावून कागद सोलून काढला, काड्या पुसून दोन दिवस सावलीत वाळवल्या. त्यानंतर फुल्यांचे दोरे कापले आणि वरच्या-खालच्या तिरक्या काड्या सोडल्या. ताण गेल्यावर सांगाडा हाताने हळूहळू पिळत नेला की बसून बराच लहान होतो आणि माळ्यावर कमी जागा व्यापतो. पुढच्या वर्षी उघडून फक्त ताण द्यावे लागतील. जुन्या सुती चादरीत गुंडाळून, सोबत माप-काडी आणि उरलेल्या कामट्या बांधून ठेवल्या. कामट्यांखाली पिवळा भुसा दिसला तर भुंगा लागला असे समजावे आणि त्या बाकीच्यांपासून वेगळ्या कराव्यात. पावसाळ्यात तोडलेल्या बांबूला तो लवकर लागतो, म्हणून नव्या कामट्या येत्या जानेवारीतच सांगून ठेवणार आहे.